दारूसारखं औषध बंद करता येत नाही

(सामुदायिक रेडिओवरून दिलेलं भाषण)

आम्ही सेवाग्राम परिसरातल्या गावांमध्ये महिला गटांसोबत आरोग्याचं काम करणाऱ्या बाया. आज गोळ्यांबद्दल बोलायचं आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेल्या, पण काही लोक नशेसाठी खातात अशा गोळ्या. आणि त्या नशेची किंमत मोजतो तो खरा रुग्ण, त्याच्याबद्दलही.

आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा जिल्हा. गांधीजी आणि विनोबांची कर्मभूमी म्हणून १९७० च्या दशकापासून इथे दारूबंदी आहे. बंदी असूनही दारू गावात येते, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं! गावोगावच्या बायांनी रात्री-बेरात्री नाल्यावर जाऊन मोहाचा सडवा ओतून दिला आहे, भट्ट्या मोडल्या आहेत, पोलीस ठाण्यावर मोर्चे नेले आहेत. नशेची वस्तू दिसली की ती नष्ट करायची, हे आपल्या अंगवळणी पडलंय. त्यात चूकही काही नाही. सडवा ओतल्यानं कोणाचं औषध जात नाही.

गोळीचं मात्र तसं नाही. ज्या गोळीनं एखादा पोट्टा झिंगतो, त्याच गोळीवर शेजारच्या घरातली आजी रात्र काढते. गोळी एकच. म्हणून गावात गोळ्यांची नशा आली असं कळलं की "बंद करा या गोळ्या" म्हणण्याआधी थोडं थांबावं लागतं. आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे.

आधी, या गोळ्या कोणत्या ते बघू.

पहिला गट झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या गोळ्यांचा. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही त्यातली नावं. भीतीचे झटके येणं, छातीत धडधडणं, रात्र-रात्र झोप न लागणं यासाठी डॉक्टर थोड्या दिवसांकरता त्या देतात. डायझेपाम तर फिट येत असलेल्या माणसाची फिट थांबवायलाही वापरतात. मालेगावात अल्प्राझोलामच्या गोळीला पोरांनी 'कुत्ता गोळी' असं नाव ठेवलंय. छत्रपती संभाजीनगरकडे नशेच्या गोळ्यांना 'बटन' म्हणतात. पोलिसांच्या धाडींच्या बातम्यांमुळे ही नावं आता राज्यभर माहीत झाली आहेत.

दुसरा गट जोरदार दुखणं थांबवणाऱ्या औषधांचा. यात ट्रामाडोल आहे, टॅपेन्टाडॉल आहे, मॉर्फिन आहे. खोकल्याच्या काही औषधांमधलं कोडीनही याच कुळातलं. मोठं ऑपरेशन झालेल्या, हाड मोडलेल्या, कॅन्सर झालेल्या माणसाला ही औषधं लागतात.

तिसरं एक इंजेक्शन आहे, मेफेन्टरमिन. कमरेत भूल देऊन सिझर करताना कधी कधी बाईचा रक्तदाब एकदम खाली जातो. तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे इंजेक्शन वापरतात. आणि हेच इंजेक्शन व्यायामशाळेत जाणारी काही पोरं दम वाढावा म्हणून स्वतःच टोचून घेतात. राज्यात अनेक ठिकाणी त्याचे बेकायदा साठे पकडले गेले आहेत. बाळंतिणीच्या टेबलाजवळ असायला हवं ते इंजेक्शन कोणाच्या जिमच्या पिशवीत सापडतं, याचा विचार करा.

किती लोक अशा गोळ्या नशेसाठी खातात? दिल्लीच्या एम्स संस्थेनं केंद्र सरकारसाठी देशभर एक मोठी पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वर्षं वयाच्या शंभर माणसांत साधारण एक माणूस झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय खातो. देशात अशी माणसं एक कोटीच्या वर होतात. म्हणजे हा प्रश्न फक्त मोठ्या शहरांचा नाही. हजार वस्तीच्या गावात अशी पाच-दहा माणसं असू शकतात. गोळीला वास येत नाही, तिची भट्टी नसते, पोराच्या खिशात मावते. म्हणून आईला कळतच नाही.

आता या सगळ्यावर सरकार काय करतं? कायदे करतं, दुकानांवर लक्ष ठेवतं, धाडी टाकतं. ते करायलाच हवं. फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट घ्या. आपल्याच राज्यातल्या एका कंपनीच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांमध्ये नशेसाठी विकल्या जात आहेत, असं बीबीसीनं उघड केलं. टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल या दोन औषधांचं ते मिश्रण होतं. केंद्र सरकारनं लगेच या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवली. हे योग्यच झालं. असं मिश्रण कोणत्याही देशात रुग्णांसाठी मान्य नव्हतं, त्यामुळे ते बंद झाल्यानं कोणाचं औषध तुटलं नाही.

पण सगळीच औषधं अशी नसतात. जे औषध नशेबाजालाही हवं आणि रुग्णालाही, तिथे घाईनं दार लावलं की काय होतं, हे आपल्या देशानं एकदा बघितलं आहे. मॉर्फिनच्या बाबतीत.

मॉर्फिन अफूपासून बनतं. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे, तसंच राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने आहेत. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या दुखण्यावर तोंडावाटे घ्यायचं मॉर्फिन हे जगभर मान्य झालेलं औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवलं आहे. ते महागही नाही.

१९८५ साली आपल्याकडे अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा झाला. गुन्हा मोठा असेल तर किमान दहा वर्षांची शिक्षा. हेतू चांगला होता, गर्द आणि अफूचा चोरटा व्यापार थांबवायचा होता. पण दवाखान्याला मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागू लागले. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात यायचा नाही. कागदात एखादी चूक झाली तर तुरुंगाची भीती. दवाखान्यांनी विचार केला, नकोच ही कटकट. औषध विक्रेत्यांनी ठेवणं सोडलं. नव्या डॉक्टरांना ते वापरायला शिकवणंही मागे पडलं.

परिणाम काय झाला? पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. १९९७ मध्ये एवढ्या मोठ्या देशात वर्षभरात फक्त अठरा किलोच्या आसपास मॉर्फिन रुग्णांसाठी वापरलं गेलं. ज्या देशाच्या शेतात अफू पिकते आणि जगाला औषधासाठी जाते, त्याच देशातला कॅन्सरचा रुग्ण खाटेवर तळमळत राहिला. नशा करणाऱ्यांना काही फरक पडला नाही, त्यांची वाट वेगळीच होती. दार बंद झालं ते चिठ्ठी हातात घेऊन आलेल्या माणसासाठी.

हे बदलायला बरीच वर्षं गेली. केरळमधले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि देशभरातले त्यांचे सहकारी डॉक्टर, परिचारिका, कार्यकर्ते यांनी सरकारदरबारी आणि न्यायालयात हा प्रश्न लावून धरला. डॉ. राजगोपाल यांना पुढे २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये संसदेनं कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन अशा काही औषधांना 'अत्यावश्यक' असा वेगळा दर्जा मिळाला. आता मान्यताप्राप्त दवाखान्याला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. कायदा बदलला, पण इतक्या वर्षांची भीती एका दिवसात जात नाही. आजही कित्येक घरांमध्ये "मॉर्फिन म्हणजे शेवट" किंवा "त्यानं माणूस व्यसनी होतो" असंच समजतात.

असंच एक उदाहरण बायांच्या अगदी जवळचं आहे. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन तुम्हाला माहीत आहे. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर ते बाईचा जीव वाचवतं. पण काही गोठ्यांमध्ये म्हशीनं लवकर पान्हा सोडावा म्हणून तेच टोचतात. हा गैरवापर थांबवायला केंद्र सरकारनं २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना हे इंजेक्शन बनवायला मनाई केली आणि सगळं काम एकाच सरकारी कंपनीकडे द्यायचं ठरवलं. एका कारखान्यात काही बिघाड झाला तर देशभरातल्या बाळंतिणींनी काय करायचं, असा प्रश्न आरोग्य कार्यकर्त्यांनी विचारला. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती मनाई रद्द केली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं. म्हशीचा प्रश्न खरा होता. पण तो सोडवताना बाळंतीण विसरून चालत नाही.

आता आपल्या गावात येऊ. कायदा दिल्लीत होतो, पण त्याची झळ मेडिकलच्या काउंटरवर लागते.

आपल्या भागात खर्ऱ्यामुळे तोंडाचा कॅन्सर झालेली माणसं प्रत्येक गावात आहेत. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात, कोणी मुंबईला टाटामध्ये जाऊन उपचार घेतात आणि घरी येतात. घरी आल्यावर दुखणं सांभाळते ती बायको, सून, नाहीतर लेक. तिच्या हातात चिठ्ठी असते. ती मेडिकलवर जाते. दुकानदार चिठ्ठीकडे बघतो, तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, "हे आम्ही ठेवत नाही." कधी सगळ्यांसमोर विचारतो, "कोणासाठी पाहिजे? एवढ्या गोळ्या कशाला?" पोटच्या माणसाचं दुखणं घेऊन आलेली बाई चोर असल्यासारखी परत जाते. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात, मग शहरात. एसटीचं भाडं जातं, रोज बुडतो आणि घरी माणूस तसाच कण्हत असतो.

फिटच्या रुग्णाचंही तेच. फिटच्या काही औषधांवर हाच कायदा लागू आहे, म्हणून काही दुकानदार ती ठेवत नाहीत. फिटचं औषध दोन दिवस चुकलं तर फिट येऊ शकते. विहिरीवर, चुलीपाशी, रस्त्यावर कुठेही.

आणि तिसरी, आपल्यातलीच एखादी. नवरा गेला, कर्ज डोक्यावर, पोरांचं शिक्षण, रात्रभर डोळा लागत नाही. डॉक्टरांनी गोळी दिली. पण घरात सासू म्हणते, "कायले खाते वं माय एवढ्या गोळ्या? सवय लागते." गावात कुजबुज होते, "ती झोपेच्या गोळ्या खाते." मग ती बाई एक दिवस गोळ्या एकदम बंद करते. या गोळ्या बरेच दिवस घेतल्यावर एकदम सोडल्या तर थरथर सुटते, झोप पार उडते, कधी कधी फिटसुद्धा येते. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळूच कमी करायच्या असतात.

मैत्रिणींनो, इथे एक फरक नीट समजून घेऊ. शरीराला औषधाची सवय होणं वेगळं आणि व्यसन लागणं वेगळं. कॅन्सरचा माणूस ठरलेल्या वेळी, ठरलेलं मॉर्फिन घेतो, दुखणं थांबतं, तो चार घास खातो, नातवाशी बोलतो. याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसन म्हणजे त्रास होत असूनही गोळीच्या मागे धावणं, डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त घेणं, त्यासाठी खोटं बोलणं, घर विकणं. डॉक्टरांच्या देखरेखीत दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिननं कॅन्सरचा रुग्ण व्यसनी होणं फार क्वचित घडतं. त्याला बद्धकोष्ठ मात्र होतं, म्हणून डॉक्टर पोट साफ होण्याचं औषधही सोबत देतात. ते विसरायचं नाही. आणि हळूहळू काम करणारी मॉर्फिनची गोळी कुटून, चुरून द्यायची नाही. तिचा सगळा जोर एकदम अंगावर येतो.

मग नशेच्या गोळ्यांचं काय करायचं? आपण हात बांधून बसायचं का? नाही. पण काम जिथे करायचं तिथे करायचं.

पहिलं काम घरातलं. नशेच्या गोळ्या दर वेळी चोरबाजारातूनच येतात असं नाही. कित्येकदा त्या घरातल्या फळीवरून, देव्हाऱ्याजवळच्या डब्यातून, आजीच्या उशीखालून उचलल्या जातात. म्हणून अशा गोळ्या कुलपात ठेवा. धान्याच्या कोठीची किल्ली जशी कमरेला असते, तशी याचीही असू द्या. महिन्यातून एकदा मोजा. किती आणल्या, किती संपल्या, कागदावर लिहून ठेवा. गोळ्या कमी भरल्या तर लगेच कळतं.

दुसरं, आपली गोळी दुसऱ्याला देऊ नका. "मला या गोळीनं बरं वाटलं, तू पण घे" असं म्हणणाऱ्या आपण बायाच जास्त. प्रेमानं देतो. पण तुमचं वजन, तुमचा आजार वेगळा, तिचा वेगळा. झोपेची किंवा जोरदार दुखण्याची गोळी दारूवर पडली तर श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो.

तिसरं, उरलेल्या गोळ्या. घरातला आजारी माणूस गेला की त्याच्या गोळ्यांची पिशवी तशीच खुंटीला राहते. तेराव्यानंतर कपडे वाटून होतात, गोळ्यांकडे कोणाचं लक्ष जात नाही. जिथून औषध मिळालं त्या दवाखान्यात किंवा मेडिकलवर त्या परत घेतील का, ते विचारा. केंद्राच्या औषध नियामक संस्थेनं २०२५ मध्ये सतरा औषधांची यादी काढली. त्यात मॉर्फिन, ट्रामाडोल, टॅपेन्टाडॉल, डायझेपाम ही नावं आहेत. ही औषधं उरली तर घरात किंवा कचऱ्यात न ठेवता संडासात टाकून पाणी ओतावं, असं त्यात सांगितलं आहे. बाकीच्या गोळ्या मात्र उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नका. लेकरं आणि जनावरं तिथेच फिरतात.

चौथं, चिठ्ठी आणि बिल. अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रामाडोल, कोडीन ही औषधं 'एच-१' नावाच्या यादीत येतात. २०१४ पासून ही यादी लागू आहे. अशा औषधाच्या पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. दुकानदाराला चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, किती औषध दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. तेव्हा मेडिकलवाल्यानं तुमचं नाव लिहून घेतलं तर राग मानू नका. त्या नोंदीमुळेच तुम्ही खऱ्या रुग्ण आहात हे सिद्ध होतं. आणि बिल मागून घ्याच. चिठ्ठीशिवाय, बिलाशिवाय अशी गोळी देणारा दुकानदार तुमच्यावर उपकार करत नाही. तो उद्या तुमच्या पोरालाही तशीच देईल.

पाचवं, खऱ्या रुग्णाची बाजू. ज्या घरात असा रुग्ण आहे, त्यांनी एक पिशवी तयार ठेवावी. चिठ्ठी, दवाखान्याचं कार्ड, सुट्टी मिळाल्याचा कागद, मागची बिलं. चिठ्ठीवर तारीख, रुग्णाचं नाव, किती गोळ्या किती दिवस हे स्पष्ट आहे का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का, ते दवाखान्यातून निघतानाच बघून घ्या. गोळ्या संपायच्या आदल्या दिवशी धावपळ करू नका, आठवडाभर आधी सोय करा. डॉक्टरांनाच विचारा, हे औषध कुठे मिळेल. महाराष्ट्रात अनेक जिल्हा रुग्णालयांमध्ये पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं कमी करून रुग्णाला आराम देणारा विभाग सुरू झाला आहे. मोठ्या दवाखान्यात गेलात की हा शब्द लक्षात ठेवून विचारा.

सहावं काम गटाचं. मासिक बैठकीत दहा मिनिटं या विषयाला द्या. गावात असं औषध घेणारे रुग्ण कोण आहेत ते आशाताईंना माहीत असतं, पण ती यादी चावडीवर वाचायची नाही. फक्त एवढं करायचं, कोणाला औषध मिळत नसेल तर गटातली एक बाई सोबत जायची. एकटी बाई काउंटरवर गप्प होते, दोघी गेल्या की बोलतात. दुकानदाराशीही भांडायचं नाही. तोही घाबरलेला असतो, नोंदीत चूक झाली तर त्याचा परवाना जातो. त्याला एवढंच सांगायचं, "नसेल तर नाही म्हणा, पण कुठे मिळेल ते सांगा. आणि चारचौघात आमच्या माणसाला नशेबाज म्हणू नका." ज्या दुकानातून पोरांना चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळतात, त्याची तक्रार मात्र अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्या, गटाच्या शिक्क्यासह. तक्रार त्या दुकानाची करायची. त्या औषधाला गावातून हाकलण्याची मागणी करायची नाही.

आणि शेवटी ज्या पोरानं गोळी खाल्ली, त्याच्याबद्दल. तोही कोणाचं तरी लेकरू आहे. दिवसभर पेंगणं, जीभ जड होणं, पैसे गायब होणं, धुऱ्यावर किंवा शाळेमागे औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि पाकिटं सापडणं, अशी चिन्हं दिसली तर आधी त्याच्याजवळ बसा. मारून, खोलीत कोंडून गोळी सुटत नाही. उलट बरेच दिवस खाणाऱ्याची गोळी एकदम तोडणं धोक्याचं असतं. त्याला डॉक्टरकडे न्या. बरेच आईबाप पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यात नेत नाहीत. पण अमली पदार्थांच्या कायद्यातच कलम ६४-अ आहे. नशेसाठी वापर केल्याबद्दल किंवा थोड्या मालाबद्दल पकडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला खटल्यातून सूट मिळण्याची सोय त्यात आहे. म्हणजे त्या माणसानं बरं व्हावं असं कायद्यालाही वाटतं.

कोणी गोळ्या खाऊन बेशुद्ध पडला, हाक मारून उठत नसेल, श्वास हळू चालला असेल तर त्याला एका कुशीवर वळवा, तोंडात पाणी किंवा काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत न्या, डॉक्टरांना उपचार ठरवायला सोपं जातं. व्यसन सोडवण्याच्या मदतीसाठी १४४४६ हा फुकट फोन आहे. मन खचलं, झोप उडाली, जीव नकोसा झाला तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. हे तिन्ही क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तेव्हा मैत्रिणींनो, दारूविरुद्धची आपली लढाई चालूच राहील. नाल्यावरचा सडवा दिसला तर आपण ओतणारच. पण गोळीशी लढताना डोळे उघडे ठेवून लढू. चोरून विकणाऱ्याला पकडू, नशेत अडकलेल्या पोराला हात देऊ आणि दुखण्यानं तळमळणाऱ्या माणसाची गोळी त्याच्या हातात वेळेवर पडेल याची काळजी घेऊ. या तिन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच गटाला करता येतात.

तुमच्या गावात औषध मिळण्याबाबत काही अडचण असेल तर गटाच्या बैठकीत सांगा, आमच्यापर्यंत पोचवा. पुढच्या भागात त्यावर बोलू.